पगार गहाण पडू नये म्हणून
(तंजावर येथे जमलेल्या मराठी रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



तंजावरला आलेला मराठी माणूस मोठ्या देवळाच्या भिंतीवरचा १८०३ सालचा मराठी शिलालेख पाहतो, मग सरस्वती महाल पाहतो. आपणही काल पाहिला. ज्या भोसल्यांचा इतिहास त्या भिंतीवर कोरला आहे, त्यांचे राज्य जितके लढाईत गेले तितकेच देण्यापायी गेले. आज पैशाविषयी बोलायचे म्हणून आम्ही तेथूनच सुरुवात करतो.

१७७१ साली अर्काटच्या नवाबाने थकलेली खंडणी आणि वर लढाईचा खर्च मागितला. तुळजाराजांनी मायवरम व कुंभकोणम हे दोन सुभे गहाण टाकले. कावेरीकाठची ही भाताची उत्तम जमीन. तिचेच उत्पन्न हातचे गेल्यावर पुढची रक्कम आणायची कोठून? १७७३ मध्ये पुन्हा थकबाकीचे कारण काढून नवाबाने कंपनीच्या फौजेच्या जोरावर तंजावर घेतले. १७७६ साली राज्य परत मिळाले, पण कंपनीची फौज आणि तिचा खर्च मानेवर बसला. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी कारभारच कंपनीला दिला. त्यांना सालीना एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा ठरला. राजा पेन्शनर झाला! त्या पेन्शनीत त्यांनी ग्रंथालय वाढवले, ही गोष्ट वेगळी. १८५५ साली त्यांचे चिरंजीव पुत्राविना वारले आणि तो तहही संपला.

आपले सुभे म्हणजे आपले पगारपत्रक. युनियनच्या कचेरीत आम्ही रोज ती पाहतो. वर मूळ पगार आणि महागाई भत्ता भरभक्कम, खाली सोसायटी, बँक, घरकर्ज, आणि हातात उरते ते किराण्यालाही पुरत नाही. मग माणूस सावकाराकडे जातो. तामिळनाडूत 'वट्टी' म्हणजे व्याज. कंदुवट्टी, मीटर वट्टी, दिवसाची वट्टी, तासाची वट्टी असे प्रकार येथे इतके माजले की सरकारला २००३ साली त्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. आपल्याकडे त्यालाच 'महिना शेकडा दहा' म्हणतात. दहा हा आकडा लहान वाटतो, पण वर्षाला ते १२० टक्के होतात. २० हजार घेतले तर महिना २ हजार नुसते व्याज. दहा महिन्यांत २० हजार दिले आणि मुद्दल जसेच्या तसे उभे.

दुकानदार आणि फायनान्सवाले सभ्य भाषेत बोलतात, तेथे अधिक जपावे. "फक्त १२ टक्के" असे सांगून १ लाख रुपये २४ महिन्यांसाठी देतात आणि व्याज शेवटपर्यंत पुऱ्या लाखावर धरतात. हप्ता होतो सुमारे ५,१६७ रुपये. पण मुद्दल तर आपण दरमहा फेडत असतो. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. म्हणून सही करण्यापूर्वी एकच विचारा: व्याज घटत्या बाकीवर की पुऱ्या रकमेवर? उत्तर टाळले तर उठून या. भिशी किंवा चिट असेल तर ती १९८२ च्या कायद्याखाली नोंदलेली आहे का, एवढे पाहा.

आता निवृत्ती. रेल्वेत पेन्शन १६ नोव्हेंबर १९५७ पासून आली; त्याआधीच्या लोकांना फंडाची रक्कम मिळे आणि ती संपली की संपली. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांना नवी योजना आली, आणि १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत योजनेचा पर्याय. तीत २५ वर्षे सेवा झाल्यास शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन आहे. ग्रामीण डाकसेवकाला मात्र यातले काहीच नाही, आणि हेच डाकसेवक गावोगाव लोकांना बचतीची खाती उघडून देतात.

जुन्या पेन्शनवाल्यांनी पेन्शन विकण्याचा, म्हणजे कम्युटेशनचा, हिशेब घरी बसून करावा. मूळ पेन्शन ३० हजार असेल तर ४० टक्के, म्हणजे १२ हजार विकता येतात. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला त्याचे ११ लाख ७९ हजार ९३६ रुपये मिळतात. पुढे १५ वर्षे दरमहा १२ हजार कापले जातात, म्हणजे एकूण २१ लाख ६० हजार. महागाई भत्ता पुऱ्या पेन्शनवर चालू राहतो, आणि मधेच माणूस गेला तर बायकोच्या कुटुंब-पेन्शनीतून ही कपात होत नाही. तेव्हा सौदा वाईटच आहे असे आम्ही म्हणत नाही. साडेएकवीस टक्क्यांचे कर्ज डोक्यावर असेल तर विकून ते फेडावे. पण लग्नातल्या पंगती उठवण्यासाठी किंवा भाच्याच्या धंद्यात घालण्यासाठी विकू नये. हा आमचा सल्ला कडू लागतो, हे आम्हाला ठाऊक आहे. ज्याचे लग्न ठरले आहे तो आमच्याकडे दुसऱ्यांदा येत नाही.

फंड, ग्रॅच्युइटी आणि टपाल विमा यांवर कोणाचे नाव आहे ते या महिन्यातच तपासा. लग्नाआधी आईचे नाव लावले आणि तेच राहिले, अशी प्रकरणे कचेरीत येतात. आई वारलेली असते, आणि विधवेला वारस दाखल्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. फॉर्म एका पानाचा आहे. तो आम्ही बरोबर आणला आहे. भाषण संपल्यावर दारापाशी मिळेल.