पावसाळी वस्तूंचे वावडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. डॉक्टरकी मला येत नाही. पण घरात जे पाहिले आणि डॉक्टरांकडून समजून घेतले, तेवढे सांगते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या जावेच्या दोन्ही पावलांवर पुरळ उठले, खाजून खाजून पाणी वाहू लागले. कुणी म्हणाले रक्त बिघडले, कुणी म्हणाले हे लागट आहे. तिचा टॉवेल वेगळा झाला, कणीक मळणे बंद झाले. खाजेपेक्षा हा दुरावाच तिला अधिक झोंबला. त्वचेच्या डॉक्टरांनी पाहिले, तर पुरळ बरोबर रबरी चपलेच्या पट्ट्यांखाली! चपला बदलल्या, औषध घेतले आणि पाय बरे झाले.

रबर टिकाऊ व्हावे म्हणून त्यात गंधक व दुसरी रसायने घालतात. कातडे कमावताना बहुधा क्रोमचे क्षार वापरतात. बकलांत, बटणांत निकेल असते. घामाने व ओलीने ही द्रव्ये सुटून त्वचेत शिरतात. ती सर्वांना बाधत नाहीत. ज्याला वावडे त्यालाच. वर्षानुवर्षे वापरलेली वस्तूही एकाएकी बाधू लागते. शिवाय पुरळ बहुधा एक-दोन दिवसांनी उठते, म्हणून वस्तूचा संशय येत नाही. मात्र हे वावडे एकाचे दुसऱ्याला लागत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा.

पुरळाची जागा पाहावी. पट्ट्यांखाली असेल तर चपला, पोटरीभोवती असेल तर गमबूट, मनगटावर असेल तर घड्याळाचे बकल तपासावे. बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या बहुधा बुरशीच्या. त्यांचे औषध निराळे. खाज थांबवणाऱ्या काही मलमांनी बुरशी उलट फोफावते. तेव्हा शेजारणीचे मलम मागून लावू नये.

नेमके कारण शोधण्यासाठी डॉक्टर पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवतात. त्या ४८ तासांनी काढून पाहतात, पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. औषधाने पुरळ जाते. वावडे बहुधा जन्मभर राहते. म्हणून बाधणारी वस्तू सोडणे हाच खरा उपाय. रबर बाधत असेल तर साध्या प्लास्टिकच्या चपला घालून पाहाव्यात. ओल्या मोज्यांवर भिस्त ठेवू नये. त्यांतून द्रव्ये पाझरतात.

भगिनींनो, कुणा लेकीसुनेच्या अंगावर पुरळ दिसले, तर तिचे ताट वेगळे करण्याआधी तिची चप्पल पाहा. एवढे सांगून मी आपली रजा घेते.