शंका आणि तपासणी

(पेडणे तालुक्यातील एका पंचायतघरात ग्रामस्थ, कर्मचारी व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



आजचा विषय चारचौघांत बोलण्याजोगा नाही, असे आपणांपैकी काहींना वाटेल. मलाही तसेच वाटत असे. परंतु डिचोलीकडचा एक ट्रकचालक मला भेटला आणि संकोच बाजूला ठेवावा लागला. त्याची ओळख पटेल असे काही मी सांगणार नाही. एका रात्रीच्या अविचाराचे भय त्याने आठ महिने मनात बाळगले होते. जरा ताप आला, अंगावर पुरळ उठले, की त्याला एड्सच दिसे. वास्तविक अशा लक्षणांवरून काहीच ठरत नाही. ते रक्ततपासणीनेच ठरते. पण तपासणीस तो जाईना. ‘नाव गावभर होईल,’ एवढेच म्हणे.

हे भय अगदीच निराधार नव्हते. शेजारच्या बार्देस तालुक्यातील पर्रा गावचे डॉमिनिक डिसोझा रक्तदान करीत असत. त्यांच्या रक्तात एच.आय.व्ही. आढळला आणि १९८९ साली, गोव्याच्या तत्कालीन सार्वजनिक आरोग्य कायद्यान्वये, पोलिसांकरवी त्यांना म्हापशास नेऊन ६४ दिवस एकाकी ठेवण्यात आले. त्यांच्या आईला उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. शासनाचा सेवक म्हणून हे सांगताना माझी मान खाली जाते. सुटकेनंतर डॉमिनिक लपून बसले नाहीत. १९९२ मध्ये त्यांनी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी ते निवर्तले.

आज कायदा रुग्णाच्या बाजूने उभा आहे. २०१७ चा केंद्रीय कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. सर्वसाधारणपणे आपल्या संमतीवाचून तपासणी करता येत नाही आणि तिचा निष्कर्ष इतरांस सांगता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. धोक्याचा संबंध घडला असेल तर पहिले ७२ तास मोलाचे. तेवढ्यात, आणि जितके लवकर तितके बरे, डॉक्टरांना गाठावे. त्यांना आवश्यक वाटल्यास ते २८ दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्या देतात. ती वेळ टळली असली तरी तपासणी टाळू नये. मात्र दुसऱ्याच दिवशी केलेली तपासणी निर्णायक नसते. विषाणूची खूण रक्तात दिसण्यास काही आठवडे लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. तोवर निरोध वापरावा, रक्तदान करू नये. शासकीय केंद्रात तपासणी व समुपदेशन मोफत मिळते; जवळचे केंद्र १०९७ या क्रमांकावर कळते.

लागण आढळलीच, तरी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात औषधे मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत दिसेनासा झाला व तसाच राहिला, की शरीरसंबंधातून जोडीदारास लागण होत नाही.

शिक्षकांना आणि तलाठीबंधूंना एक विनंती. कोणी विश्वासाने विचारावयास आला, तर ‘कुठे गेला होतास?’ हा प्रश्न गिळून टाकावा. ‘किती दिवस झाले?’ एवढेच विचारावे.

तो चालक शेवटी गेला. निष्कर्ष मी विचारला नाही, त्यानेही सांगितला नाही. पुढच्या आठवड्यात पत्नीला घेऊन तो पुन्हा केंद्रात गेला, एवढे मात्र त्याने कळविले.