पत्त्यातला ‘कॅम्प’ आणि आपली वालधुनी

कानात हेडफोन आहेत ना? लोकल विठ्ठलवाडी सोडून कल्याणकडे निघाली की एक उग्र वास येतो आणि आपण नाकाला रुमाल लावतो. आजची गोष्ट त्या वासाची. खरं तर त्याखालच्या नदीची.

हो, नदी! मी स्वतः कॉलेज संपेपर्यंत तिला नालाच म्हणायचो. वालधुनी. अंबरनाथच्या काकोळे भागातल्या डोंगरातून ती निघते, १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालते, उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला, म्हणजे आपल्या खाडीला मिळते.

आता युद्धाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात या परिसरात सैन्याची छावणी होती, कल्याण कॅम्प. युद्ध संपलं, बराकी ओस पडल्या. मग फाळणी झाली आणि सिंधमधून आलेली माणसं त्याच बराकींत राहिली. ८ ऑगस्ट १९४९ ला वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. तेही नदीवरूनच!

माझ्या मित्राची आजी, आम्ही तिला अम्मा म्हणतो, आठ वर्षांची असताना तिथे आली. एका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये भिंत म्हणून गोणपाट. मी विचारलं, “अम्मा, सगळ्यात जास्त काय आठवतं?” ती म्हणाली, “सिंधू. एवढी मोठी नदी मागे राहिली रे. इथे आलो तर ही छोटीशी. पण पाणी दिसलं, बरं वाटलं.”

मंडळी, मी गप्पच झालो. कारण त्याच नदीत २०१४ च्या अखेरीस टँकरमधलं रसायन सोडलं गेलं, विषारी वायू पसरला आणि शेकडो लोकांना इस्पितळात न्यावं लागलं. जीन्स रंगवणाऱ्या कारखान्यांचं पाणीही वर्षानुवर्षं तिच्यातच गेलं.

महायुद्धाचं स्मारक शोधायला लांब कशाला जायचं? आजही रिक्षावाल्याला आपण ‘कॅम्प तीन’ नाहीतर ‘कॅम्प चार’ सांगतो. पत्ताच स्मारक झालाय. छावणीचं नाव आपण टिकवलं, नदीचं मात्र विसरलो.

म्हणून आज एवढंच करा. पुढच्या वेळी वास आला आणि शेजारचा म्हणाला, “नाला आला”, तर त्याला सांगा, “नाला नाही दादा, वालधुनी.” याने पाणी साफ होणार नाही, मला माहितीये. पण नाल्यासाठी कुणी भांडत नाही, नदीसाठी भांडतात.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!