प्रेसनोट छापली कुणी?

पत्रकारिता आणि जनसंपर्क, दोन्ही शाखांच्या पदवीधरांचं अभिनंदन पदवीदान समारंभाच्या पाहुण्यांनी एका वाक्यात उरकलं. पालकांचे आभार दुसऱ्या वाक्यात. तिसऱ्यापासून जुन्या तक्रारी सुरू झाल्या.

पाहुणे आधी दैनिकात बातमीदार होते, मग पीआरमध्ये गेले. नोकरी बदलताच जुने सहकारी त्यांना ‘दलाल’ म्हणू लागले. त्यांची प्रेसनोट मात्र हीच मंडळी स्वल्पविरामासकट छापत, वर फक्त ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ एवढं चढवत. त्या ओळीवरचा त्यांचा राग अजून ओसरलेला नाही. मंत्रालयातल्या प्रेसरूमचे आणखी दोन किस्से झाले, तोवर कुलगुरूंनी घड्याळ पाहून घेतलं होतं.

तिथून गाडी लंडनला गेली. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे मनोरे पेटलेले असताना एका ब्रिटिश मंत्र्याच्या सल्लागार जो मूर यांनी सहकाऱ्यांना ईमेल केला होता: नकोशा बातम्या गाडून टाकायला आजचा दिवस चांगला आहे. ईमेल फुटला, गदारोळ झाला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. त्याबद्दल पाहुण्यांना काडीचं दुःख नाही. पण बातमी गाडली जाते ती कुणाच्या पानांत, हे त्या गदारोळात किती जणांनी विचारलं? आणि ज्याला ‘स्पिन डॉक्टर’ म्हणून रंगवलं गेलं, तो पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचा माध्यम-सल्लागार अ‍ॅलस्टर कॅम्पबेल मुळात ‘डेली मिरर’चा राजकीय संपादक! बातमीदार कशाने हुरळतो हे त्याला शिकवायची गरजच नव्हती. हे सांगताना पाहुणे जरा खुशीतच होते. एकाच वाटेचे प्रवासी.

आपल्याकडे खलनायकाऐवजी ‘चाणक्य’ लागतो. २०१४ मध्ये नरेंद्र मोदी जिंकले, २०१५ मध्ये नितीशकुमार, आणि दोन्ही विजयांचं श्रेय वाहिन्यांनी निवडणूक-सल्लागार प्रशांत किशोर यांच्या खात्यावर मांडलं. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात त्यांचा सल्ला घेणाऱ्या काँग्रेसची धूळधाण झाली, तरी पदवी शाबूत राहिली. २०२५ मध्ये बिहारात त्यांच्या स्वतःच्या जन सुराज पक्षाला एकही जागा मिळाली नाही. नेता म्हणजे कळसूत्री बाहुली आणि सल्लागार म्हणजे सूत्रधार, अशी मांडणी एकदा केली की तिकीटविक्रीवर बसलेला माणूस कुणाला दिसत नाही, असं पाहुणे म्हणाले. तो माणूस म्हणजे पत्रकार.

मागच्या रांगेत चुळबुळ सुरू होती. महाराष्ट्राच्या २००९ च्या विधानसभा निवडणुकीचा विषय निघाला तशी ती थांबली. मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा मजकूर त्या वेळी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखा छापून आला होता, पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त ते उघड केलं. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी ‘पेड न्यूज’वर ७१ पानांचा अहवाल दिला, पण २०१० मध्ये कौन्सिलने तो पूर्ण प्रसिद्ध करायचं टाळलं. वृत्तपत्रांची नावं असलेला तो अहवाल खुला करायला २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाला आदेश द्यावा लागला.

उपदेश असा एकच, पण पाहुण्यांनी तो तीनदा बजावला: बातमी पीआरकडून आली असेल तर तसं बातमीतच लिहा. ‘सूत्रांकडून समजते’ नको, ‘प्रतिनिधीकडून’ तर नकोच. पीआरमध्ये जाणाऱ्यांनी प्रेसनोटवर अशिलाचं नाव ठळक टाकावं.

डेस्कने ती ओळ कापली तर? समोरून एका मुलीने विचारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायची, पाहुणे म्हणाले, आणि सूत्रसंचालकाची चिठ्ठी हातात असतानाच त्यांनी दिवाळीतल्या पाकिटांचा किस्सा सुरू केला.