न दिसणारा मार

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



केंद्रात बाई आली की आपण विचारतो, कशानं मारलं, वळ कुठे आहेत? वळ दिसला की पोलिसांनाही पटतं. आज मी ज्या माराबद्दल बोलणार आहे, त्याचा वळ उठत नाही. मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली कार्यकर्ती आहे. पण आपल्या कामासाठी हे शास्त्र समजून घ्यावं लागलं, आणि ते आपल्याला कळण्यासारखं आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण आपल्याला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. रक्तातलं वाटेल ते मेंदूत शिरू नये म्हणून तिथल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगून असतात. साखर, प्राणवायू आत जातात. पुष्कळसे घातक पदार्थ बाहेरच अडतात. याला म्हणतात रक्त-मेंदू अडथळा, म्हणजेच ब्लड-ब्रेन बॅरिअर. १९२१ साली सहकाऱ्यासोबत हे नाव रूढ करणारी शास्त्रज्ञ एक बाई होती, लीना स्टर्न. जिनिव्हा विद्यापीठातली ती पहिली स्त्री प्राध्यापक.

आता डोकं भिंतीवर आपटलं तर काय होतं? पेशी प्राणवायू वापरतात तेव्हा काही उपद्रवी रेणूही तयार होतात. त्यांना मुक्त मूलकं म्हणतात. एरवी शरीर त्यांना आवरतं. डोक्याला मार बसला की ते इतके वाढतात की आवरणारी यंत्रणा अपुरी पडते. हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. हे रेणू पेशींमधले सांधे धरून ठेवणाऱ्या प्रथिनांची नासधूस करतात. कुंपण सैल होतं, रक्तातलं नको ते आत झिरपतं, सूज येते आणि सुजेतून पुन्हा तेच रेणू तयार होतात. गळा दाबल्यावरही मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो. पकड सुटून रक्त परत आलं की हे रेणू एकदम वाढू शकतात. बाहेरून मात्र सगळं ठीक दिसतं. साध्या सी. टी. स्कॅनमध्येसुद्धा अनेकदा काही सापडत नाही.

मग ती बाई आपल्यासमोर बसते. डोकं दुखतं, प्रकाश सहन होत नाही, तारखा आठवत नाहीत. एका बाईनं जबाबात दोनदा वेगळा वार सांगितला, तर लिहून घेणारा म्हणाला, "बाई बनवून सांगतेय." सासरचे म्हणतात, "वेडसर आहे." ज्या मारामुळे तिची आठवण विस्कटली, त्याच विस्कटलेल्या आठवणीवरून तिला खोटं ठरवायचं, हा कुठला न्याय?

हे थोड्याजणींचं दुखणं नाही. अमेरिकेत २००३ साली मारहाण सोसलेल्या ९९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडीदाराच्या मारामुळे एकदा तरी मेंदूला इजा झालेल्या त्यात सुमारे तीन चतुर्थांश होत्या, आणि निम्म्याजणींना ती एकाहून अधिक वेळा झाली होती. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर मात्र १९२८ पासून लिहिलं जातंय! रिंगणातला मार शास्त्राला आधी दिसला, घरातला फार उशिरा.

यावर गोळी आहे का? त्या रेणूंना मारक अशी औषधं डोक्याच्या दुखापतीसाठी मोठ्या चाचण्यांत वापरून पाहिली, अपेक्षित गुण आला नाही. म्हणून कुणी 'अँटिऑक्सिडंट' विकू लागलं तर भुलू नका. विश्रांती हवी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसरा मार टळायला हवा. पहिला भरून येण्याआधी बसलेला दुसरा मार जास्त घात करतो. "चार दिवसांनी नांदायला जा" हा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे.

तेव्हा प्रत्येकीला विचारा: डोक्यावर मारलं का? गळा दाबला का? शुद्ध हरपली का, डोळ्यांपुढे अंधारी आली का? उत्तर तिच्याच शब्दांत, तारखेसह लिहा. वारंवार उलट्या, फिट, वाढती गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा हातापायातली शक्ती गेली, तर आधी दवाखाना, मग कागद. गळा दाबला असेल तर त्रास दिसत नसला तरी तपासणी करून घ्या. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात अशा बाईला वैद्यकीय मदत देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. ते ठामपणे सांगा. डॉक्टरांनाही डोक्याच्या माराची नोंद करायला लावा.

आणि तिचं बोलणं अडखळलं तर थांबा. पाणी द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. तिचं अडखळणं हे खोटेपणाचं लक्षण नाही. कदाचित तीच तिची जखम असेल.