लिलावातील लेथ
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



हैदराबाद-सिकंदराबाद या जुळ्या शहरांत मराठी कुटुंबे स्थिरावली ती बव्हंशी नोकरीच्या निमित्ताने. कोणी रेल्वेत लागले, कोणी सरकारी कचेरीत, आणि कितीतरी जण कारखान्यांत. १९४३ साली सिकंदराबादला सुरू झालेली प्रागा टूल्स, साठच्या दशकात आलेला एचएमटीचा विभाग आणि बाळानगरच्या औद्योगिक वसाहतीतील असंख्य लहान वर्कशॉप यांनी या शाळेच्या हजेरीपटावरील अनेक मुलांच्या घरची चूल पेटती ठेवली. त्या कातारी, फिटर आणि मोल्डर मंडळींची मुले-नातवंडे आज स्वतःचे वर्कशॉप काढू पाहतात तेव्हा त्यांचे पहिले यंत्र बहुधा नवे नसते. ते लिलावातून येते. आणि त्या एका व्यवहारात पुष्कळदा घरातील सोने गहाण पडलेले असते. म्हणून हा विषय शाळेच्या व्यासपीठाला परका मानण्याचे कारण नाही.

याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याची हकिगत येथे सांगण्याजोगी आहे. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. सभागृहातील काहींना ते ठाऊक असेलही. त्याचे वडील ज्या कारखान्यात सव्वीस वर्षे कातारी होते तो बंद पडला, न्यायालयाच्या आदेशाने अवसायकाच्या ताब्यात गेला आणि काही वर्षांनी त्यातील यंत्रे लिलावात निघाली. मुलाने पत्नीच्या बांगड्या व गोठ गहाण ठेवून बयाणा रक्कम भरली. एक चांगला लेथ मिळाला तर कामे हातात होती. फसला तर बांगड्याही गेल्या आणि कामेही गेली.

अशी यंत्रे बाजारात येण्याचे मार्ग ठरलेले आहेत. सरकारी कारखाने आपली निकामी ठरवलेली यंत्रसामग्री मोठ्या प्रमाणावर एमएसटीसी या, १९६४ साली कोलकात्यात स्थापन झालेल्या, सरकारी कंपनीमार्फत विकतात. हे लिलाव आता संगणकावरच होतात. कर्ज थकलेल्या खाजगी कारखान्यांची यंत्रे बँका २००२ च्या सरफेसी कायद्याखाली विकतात, किंवा २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनुसार अवसायक विकतो. मार्ग कोणताही असो, सूचनेत एक वाक्य हमखास असते : माल जसा आहे, जेथे आहे, तसाच विकला जाईल. वकिलांच्या दृष्टीने ते नेहमीचेच वाक्य. घेणाऱ्याच्या दृष्टीने मात्र सारा लिलाव त्या एका वाक्यात आहे. हातोडा पडल्यावर बेडला तडा दिसला, मोटर जळालेली निघाली, तरी तक्रार ऐकून घेणारा कोणी नसतो. तेव्हा जे पाहायचे ते पाहणीच्या दिवशीच पाहावे लागते.

पाहणीला मुलगा वडिलांना बरोबर घेऊन गेला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने म्हाताऱ्याला ओळखले. शेडमध्ये वीज तोडलेली, कौलांतून पडणारा उजेड, यंत्रांवर कबुतरांची विष्ठा. वीज नसली की यंत्र चालवून पाहता येत नाही, आणि बहुतेक पाहण्या अशाच होतात. अशा वेळी हातांनी जे कळते त्यावरच भिस्त. लेथच्या बेडची झीज सर्वत्र सारखी नसते. काम बहुधा चकजवळच चालते, म्हणून हेडस्टॉककडील हात-दीड हात भाग अधिक घासतो. टेलस्टॉककडील टोक जवळजवळ कोरे राहते. त्यामुळे कॅरेज हेडस्टॉकजवळ आणून तेथे ती नीट बसेल इतपत पट्ट्या आवळायच्या आणि मग हाताने दुसऱ्या टोकाकडे ढकलायची. मध्येच ती अडकली तर बेड झिजला आहे असे समजावे. स्पिंडलखाली लाकडी दांडा घालून उचलून पाहायचे आणि डायल इंडिकेटरचा काटा किती हलतो ते टिपायचे. गिअरबॉक्समधले तेल बोटावर घ्यायचे. ते दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे. आणि ताजा रंग दिसला की आनंद मानण्याऐवजी नखाने खरवडून पाहावे. ओतीव लोखंडातला सांधा रंगाखाली फार चांगला लपतो.

या परीक्षांना शास्त्राचे रूप दिले ते गेओर्ग श्लेसिंगर या बर्लिनच्या प्राध्यापकाने. यंत्र किती अचूक असावे आणि ते कसे तपासावे याच्या कोष्टकांचे त्याचे पुस्तक १९२७ साली निघाले आणि जगभरच्या यंत्रकारखान्यांनी ते प्रमाण मानले. ज्यू असल्यामुळे त्याला नाझी राजवटीत जर्मनी सोडावी लागली, पण तेथील कारखाने त्याच्याच कोष्टकांनी यंत्रे तपासत राहिले. इतिहासाच्या तासाला ही गोष्ट सांगितली जात नाही, सांगायला हवी.

तर त्या शेडमध्ये चार लेथ होते. मुलाच्या मनात वडिलांचा लेथ घ्यायचा होता. त्यात भावना होती आणि थोडा हिशेबही होता : ज्या यंत्रावर बाप सव्वीस वर्षे उभा राहिला ते यंत्र वाईट कसे असेल? वडिलांनी त्या लेथच्या हँडलवरून हात फिरवला, कॅरेज ढकलली, ती अर्ध्यावर अडली. ते म्हणाले, "हा घेऊ नको. तिन्ही पाळ्यांत चाललाय हा. मीच झिजवलाय." मग त्यांनी कोपऱ्यातल्या टूलरूमच्या जुन्या ब्रिटिश लेथकडे बोट दाखवले. तो दिवसाच्या एकाच पाळीत आणि तोही नाजूक कामापुरता चालत असे. तिसऱ्या लेथजवळ तर ते थांबलेही नाहीत. तो पूर्वी एकदा जागा बदलताना क्रेनवरून घसरला होता, ही गोष्ट कोणत्याही सूचीत लिहिलेली नव्हती.

बंद कारखान्याच्या यंत्रांची खरी नोंदवही तेथील जुन्या कामगारांच्या डोक्यात असते. त्यांना विचारायला मात्र फार थोडे खरेदीदार जातात. आणि कामगारही, थकलेल्या देण्यांच्या प्रतीक्षेत असताना, आपल्या यंत्रांच्या लिलावाकडे पाठ फिरवून बसलेले असतात. त्यांना दोष कोण देईल?

बोलीच्या दिवशी समोर भंगारवाले असतात. त्यांचा हिशेब सरळ : लोखंडाचे वजन गुणिले भाव, वजा उचलण्याचा खर्च. चालू लेथची किंमत याहून जास्त असते, म्हणून काम करणाऱ्याला त्यांची फारशी भीती नसावी. भीती असते ती स्वतःची. संगणकावरील लिलावात शेवटच्या क्षणी कोणी बोली लावली की मुदत काही मिनिटांनी वाढते, पुन्हा वाढते, आणि घरी ठरवलेला आकडा माणूस विसरतो. या मुलाने आकडा कागदावर लिहून वडिलांच्या हाती दिला होता. त्या आकड्याच्या आतच लेथ मिळाला. वस्तू व सेवा कर, हायड्रा क्रेन, ट्रक आणि पायाचे नवे बोल्ट हे सारे त्या आकड्यात आधीच धरलेले होते, हे विशेष. अनेकजण ते धरत नाहीत आणि मग उचलण्याची मुदत टळून रोजचे भाडे चढत जाते.

उचलतानाही वडील उभे होते. लेथचा भार हेडस्टॉककडे असतो, म्हणून कॅरेज व टेलस्टॉक दुसऱ्या टोकाला सरकवून तोल साधावा लागतो, आणि वायररोप लीड स्क्रूला टेकणार नाही याची काळजी घ्यावी लागते. दोन टनांचे ते धूड विनाअपघात ट्रकवर चढले.

चूक झाली ती वेगळीच. या लेथचा लीड स्क्रू इंचाच्या मापाचा, इंचाला चार आट्यांचा. अशा यंत्रावर मिलिमीटरचे आटे काढायचे तर बदलीच्या चाकांत १२७ दात्यांचे एक चाक लागते. कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्याची पाचपट १२७. दोन मिलिमीटरचा आटा हवा असेल तर स्पिंडलकडून ४० दात्यांचे चाक आणि लीड स्क्रूवर १२७ दात्यांचे. आता १२७ ही मूळ संख्या आहे. तिचे अवयव पडत नाहीत, म्हणून दोन लहान चाके जोडून तिचे काम अचूक भागवता येत नाही. ते एकच चाक लागते. आठवीतल्या मुलाला मूळ संख्या कशाला शिकायच्या असा प्रश्न पडतो, त्याला हा लेथ दाखवावा. भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, पण त्याआधीची यंत्रे काही त्या कायद्याने बदलली नाहीत, आणि आज गिऱ्हाईक मेट्रिक आटेच मागते.

बदलीची चाके लेथजवळ नव्हती. ती बाजूच्या लोखंडी कपाटात होती आणि ते कपाट ‘किरकोळ भंगार’ म्हणून वेगळ्या गटात, किलोच्या भावाने, दुसऱ्याच माणसाने घेतले होते. पाहणीच्या दिवशी बाप-लेक दोघेही त्या कपाटासमोरून गेले, पण ते उघडून पाहण्याचे कोणालाच सुचले नाही. वडिलांना याचे फार वाईट वाटले. सव्वीस वर्षे त्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला होती.

भंगारवाल्याचा पत्ता रानीगंजच्या बाजारात लागला. त्याने माल अजून वितळवायला पाठवला नव्हता, पण गरज कोणाची आहे हे त्याने एका नजरेत ओळखले आणि चाकांचा तो संच घेतलेल्या भावाच्या कितीतरी पट सांगितला. मुलाने घासाघीस केली. वडिलांनी त्याला गप्प केले. पोत्यातली चाके फरशीवर ओतून ते उकिडवे बसले, सर्वांत मोठे चाक मांडीवर घेतले, एका दात्यावर खडूची खूण केली आणि तेथून मोजायला सुरुवात केली. मध्ये एकदा आकडा चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजले. दाते १२७ भरले, एकही तुटलेला नव्हता. मग त्यांनी मुलाला पैसे द्यायला सांगितले.