रुग्णालयातील मधुमेह आणि उपचारांचे नियम



मधुमेहाचे दुःख आपल्याला नवे नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अखेरच्या वर्षांत याच व्याधीने जर्जर केले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. सर्वसामान्य रुग्णाच्या घरात मात्र डॉक्टर नसतो. म्हणून रुग्णालयात त्याची साखर कोण सांभाळतो, हा प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे मांडत आहोत.

माणूस दाखल होतो तो बहुधा दुसऱ्याच कारणाने : न्यूमोनिया, पायाची जखम, शस्त्रक्रिया. मधुमेह त्याच्यासोबत येतो. आजाराच्या ताणाने साखर वाढते आणि जेवण सुटले की घसरते. यासाठी तज्ज्ञांनी मार्गदर्शक तत्त्वे लिहून ठेवली आहेत. दाखल होताच साखर मोजावी. ती वारंवार १८० मिलिग्रॅमच्या वर राहिल्यास इन्सुलिन द्यावे. बहुतेक गंभीर रुग्णांची साखर १४० ते १८० च्या दरम्यान ठेवावी. ७० च्या खाली गेल्यास तत्काळ उपाय करावा. आकडा वाढला की तेवढ्यापुरते इन्सुलिन टोचायचे, या 'स्लायडिंग स्केल' पद्धतीवर एकटीवर विसंबू नये. कारण त्यात साखर पुढे धावते आणि उपचार मागून.

हे माहीत असूनही ते नेहमी पाळले जात नाही. मूळ आजारापुढे साखर दुय्यम ठरते. साखर एकदम उतरेल या भीतीने इन्सुलिन टाळले जाते. पाळी बदलते, डॉक्टर बदलतात. इन्सुलिनची वेळ एक असते आणि घरचा डबा येतो दुसऱ्याच वेळी.

काही जण म्हणतील, नियम म्हणजे आंधळी श्रद्धाच की! तसे नाही. २००१ मध्ये बेल्जियममधील एका अभ्यासावरून अतिदक्षता विभागात साखर ११० च्या आत ठेवावी असे मत झाले. २००९ मध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात अशा कडक नियंत्रणाने मृत्यू वाढल्याचे दिसले आणि नियम बदलला. तपासून पाहा, मगच स्वीकारा, ही तर तथागतांचीच शिकवण. रुग्ण वेगळा असेल तर डॉक्टरांनी नियमापासून जरूर दूर जावे, पण त्याचे कारण केसपेपरवर लिहावे.

नियम सुटला की काय होते, हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिले. कोरोनात ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, असे प्रमाण ठरले होते. स्टिरॉइडने साखर चढते, म्हणून ती मोजत राहणेही आवश्यक होते. अनेक ठिकाणी स्टिरॉइड गरजेपेक्षा जास्त दिले गेले आणि साखरेकडे दुर्लक्ष झाले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड यांच्या जोडीने म्युकरमायकोसिस ही काळी बुरशी फोफावली. आपल्या नाशिकमध्येही तिचे रुग्ण आढळले. कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा काढावा लागला. इंजेक्शनसाठी नातेवाईक दारोदार फिरले.

मित्रहो, ज्याची वरपर्यंत ओळख आहे, त्याच्याकडे डॉक्टर दोनदा येतात. ज्याची कोणाशीच ओळख नाही, त्याला लेखी नियमाचाच आधार असतो. म्हणून नियम पाळणे ही आम्ही समतेची बाब मानतो.

तथागतांनी आजारी भिक्खूला आनंदासह स्वतः न्हाऊ घातले. आपला आजार खरा सांगणे, औषध घेणे आणि पथ्याचे प्रमाण ओळखणे हे रुग्णाचे गुण त्यांनी सांगितले. तेव्हा घरच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. आज साखर किती आहे, इन्सुलिन जेवणाच्या कोणत्या वेळेशी जोडले आहे आणि घरी गेल्यावर काय घ्यायचे, हे तीन प्रश्न नम्रपणे पण न चुकता विचारा. आणि जे विद्यार्थी उद्या डॉक्टर, परिचारिका होतील, त्यांनी हे प्रश्न कोणी विचारण्याची वाट पाहू नये, एवढीच आमची अपेक्षा.

नमो बुद्धाय! जय भीम!